कृमी : रचना आणि प्रकार

कृमींचे प्रमुख संघ तीन : पट्टकृमीसारखे चपटे, जंतासारखे गोल आणि गांडुळासारखे वलयांकित. यांपैकी गांडूळ ओलसर त्वचेनेच श्वसन करीत असल्यामुळे, सोलापूरची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की ते खोल ओलाव्याकडे उतरते. याउलट, ज्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत सरकारदप्तरी सोलापूरचीही नोंद आहे, त्याचा धाग्यासारखा गोलकृमी क्यूलेक्स डासाच्या दंशावाटे देहात शिरून लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे वस्ती करतो. त्याची सूक्ष्म पिले मध्यरात्रीच्या सुमारास रक्तात अधिक संख्येने संचार करतात, आणि म्हणूनच आरोग्य खात्याचे कर्मचारी रात्री घरी येऊन बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतात. म्हणून या डासाला आळा घालण्यासाठी तुंबलेली गटारे साफ करणे आणि हत्तीरोगावर दिलेली गोळी कर्मचाऱ्यासमक्ष गिळणे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य होय.