पडद्यावरची सखू आणि घरातली लेक

"ताई, तुम्ही तरी हिला चार शब्द सांगा हो!"

दुपारी मी कडवे वाल सोलत बसले होते, तोच शेजारच्या वहिनी लेकीला घेऊन दारात उभ्या. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आपल्या पनवेलच्या फडके नाट्यगृहात तिची एकांकिका झाली, ती पाहून कुणीतरी मालिकेतल्या लहानशा कामासाठी विचारले. झाले! घरात तीन दिवस अबोला.

आता गंमत पाहा. याच वहिनी रात्री आठ वाजले की टी.व्ही.समोरून हलत नाहीत. पोळ्या जाहिराती लागल्या की लाटतात. नायिकेसारखी साडी हवी, नायिकेसारखे मंगळसूत्र हवे. पण आपली मुलगी पडद्यावर? "अहो, उद्या स्थळं यायची. लोक काय म्हणतील?"

मला पटकन उत्तर सुचेना. हात पुसले आणि कपाटातून दोन पुस्तके काढून त्यांच्या हातात दिली. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' आणि दुर्गाबाईंचे 'मी, दुर्गा खोटे'. सिनेमा-नाटकांचा समाजावर काय परिणाम होतो, यावर विद्वानांचे जाडजूड ग्रंथ आहेत. असू देत. पण ज्यांच्या अंगाला त्याची झळ लागली, त्या बायकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आधी वाचावे, असे आपले माझे मत.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी खानावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती झाल्या त्या दुर्गाबाई. मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातली लेक, खोट्यांची सून, कॉलेजात शिकलेली, पदरी दोन मुलगे. आदल्याच वर्षी त्यांनी 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात छोटेसे काम केले होते, तर केवढा गहजब झाला! चांगल्या घरच्या बाईने असले काम करावे म्हणून लोकांनी तोंडसुख घेतले. आणि तारामती पाहिल्यावर? कौतुकच कौतुक. बाई तीच, मध्ये वर्ष काय ते उलटलेले. पडद्यावर सती दिसली आणि खालची बाई एकदम घरंदाज ठरली! पुढे १९८३ साली त्यांना फाळके पुरस्कारही मिळाला. उतारवयात त्या आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला राहत.

हंसाबाईंच्या मागे असे घराणे नव्हते. मूळचे नाव रतन साळगावकर. खेळायच्या वयात घर चालवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली मुलगी. १९४१ च्या 'संत सखू'मध्ये सासुरवास सोसणारी सखू त्यांनी केली. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावून तो चित्रपट पाहिला. पण सखू झालेल्या त्या पोरीच्या घरी काय चालले होते, ते कुणाला ठाऊक? कमवायचे तिने, व्यवहार नवऱ्याच्या हाती, आणि वर संशय. घर हवे, मूल हवे, चार बायकांसारखे नांदायला मिळावे एवढीच तिची हौस; त्या हौसेनेच तिला कुठल्या कुठे नेऊन टाकले, ते पुस्तकातच वाचा. मला सांगवत नाही. १९५९ चा तिचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात १३१ आठवडे चालला. तेच नाव आत्मकथेला दिले. अरुण साधूंनी ती शब्दबद्ध केली, १९७० साली पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. पन्नाशीही गाठली नाही.

याच पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' काढला. त्यातल्या कामाबद्दल स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तिचा 'जैत रे जैत'ही आला, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, आपल्या कर्नाळ्याकडच्या ठाकरांचा. मग काय, शाळेच्या गॅदरिंगला ठाकरी नाच ठरलेलाच! पोरींना गुडघ्यापर्यंत लुगडे नेसवायचे, गळ्यात मण्यांच्या माळा घालायच्या आणि कौतुकाने फोटो काढायचे. पावसाळ्यात खरीखुरी ठाकरीण शेवळे, टाकळा घेऊन बाजारात बसते, तेव्हा मात्र तिच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत. मीसुद्धा घातली आहे.

तर वहिनी. त्यांनी दुर्गाबाईंचे पुस्तक दोन दुपारी वाचून संपवले. हंसाबाईंचे मात्र चार पाने वाचून बाजूला ठेवले. "असलं कशाला वाचायचं?" मग म्हणे लेकीनेच रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर आईला ते वाचून दाखवले. मालिका चुकली, तरी कुणी टी.व्ही. लावला नाही.

दहा-बारा दिवसांनी वहिनी आल्या. स्थळांचा विषय नाही, लोकांचा नाही. बसल्या, पाणी प्यायल्या आणि विचारले, "ताई, ते शूटिंग रात्री किती वाजेपर्यंत चालतं? परत कोण सोडतं? आणि मुख्य म्हणजे पैसे कुणाच्या नावावर जमा होतात?"

पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी त्यांना मालिकावाल्यांनाच फोन करायला सांगितला, तोही लेकीसमोर. तिसऱ्याची सोय त्यांनी स्वतःच केली. सोमवारी दोघी बँकेत गेल्या आणि खाते उघडून आल्या, लेकीच्या एकटीच्या नावाने. वहिनींच्या यजमानांचा होकार अजून मिळालेला नाही. दुर्गाबाईंचे पुस्तक माझ्याकडे परत आले, हंसाबाईंचे नाही. ते आता वहिनींच्या जाऊबाई वाचताहेत.