‘स्पिरिट’चं कौतुक खूप झालं, तयारीचं काय?

मुंबई पाण्यात गेली की दुसऱ्या दिवशी एक शब्द हमखास ऐकू येतो, ‘मुंबई स्पिरिट’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर चहा-बिस्किटं वाटली. याचा अभिमान वाटायलाच हवा. पण माणसं धीराची आहेत म्हणून नाले साफ करायचं राहून गेलं, तर चालेल का?

सरकारी धोरणांत आणि समाजकार्यात हल्ली ‘रेझिलियन्स’ हा शब्द सारखा येतो. म्हणजे संकट झेलून पुन्हा उभं राहण्याची ताकद. ही ताकद फक्त मनात नसते, ती आधीपासून तयार करावी लागते.

ओडिशाचंच बघा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळी यंत्रणा उभारली. किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आलं, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं. मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. किनारा तोच होता, बदलली होती ती तयारी.

आता आपलं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती आणि दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर कोसळल्या. पुढे पुनर्वसनात गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. घर भूकंपात टिकेल असं कसं बांधायचं, सरकारी मदत कशी मिळवायची, हे त्या घरोघरी सांगू लागल्या. २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका आपला अनुभव घेऊन तिथे मदतीला गेल्या. मदत घेणारे हात असे मदत देणारे झाले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सावरण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. ज्याच्याकडे बचत आणि विमा आहे, तो लवकर उभा राहतो. भाडेकरू, मजूर, घर नावावर नसलेली विधवा यांचं काय? त्यांना “तुम्ही किती खंबीर!” म्हणून पुढे जाणं सोपं आहे. त्यांचं नाव मदतीच्या यादीत आहे का, हे बघणं जास्त गरजेचं.

म्हणून तुम्ही कुठल्याही राज्यात राहत असा, आज एवढं करा. घरातली महत्त्वाची कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. ११२ हा नंबर मुलांना आणि आजी-आजोबांना पाठ करायला लावा. शेजारी एकटं कोण राहतं, ते माहीत करून घ्या. आणि पुढच्या वेळी नगरसेवक किंवा सरपंच दारात आले, की विचारा, “पूर आला तर आमच्या वस्तीने जायचं कुठे?”