डिझेल इंजिन गॅसवर चालवितां येईल काय?

विहिरीवरील इंजिनास लागणाऱ्या डिझेलचा खर्च हा बागायतदाराच्या जमाखर्चांतील एक मोठा रकाना होऊन बसला आहे. ज्यांच्या मळ्यापर्यंत वीज आली आहे त्यांचें एक वेळ निभावतें; परंतु जेथें वीज नाहीं, किंवा असूनहि ऐन पाण्याच्या पाळीस ती हुलकावणी देते, तेथें डिझेलवांचून गति नाहीं. अशा स्थितींत घरच्या शेणाचा गॅस इंजिनास जोडला तर डिझेल वांचेल काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. त्याचें उत्तर ‘होय’ असेंच आहे. मात्र त्या होकारास कांहीं अटी जोडलेल्या आहेत, व त्या नीट समजून न घेतां खटपट केल्यास डिझेल वांचण्याऐवजीं इंजिन गमावण्याची पाळी येते. म्हणून या विषयाचा थोडक्यांत विचार करूं.

प्रथम गॅस म्हणजे काय तें पाहूं. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस समुद्राच्या तळाखालीं जे साठे सांपडले, त्यांतून खनिज तेलाबरोबर निघणारा नैसर्गिक वायु हा बहुतांशी मिथेन होय. शेणाच्या टाकींत निघणारा गॅसहि मिथेनच. फरक इतकाच कीं, त्यांत मिथेन शेंकडा साठाच्या आसपास असून उरलेला भाग मुख्यतः न जळणाऱ्या कार्बन डायॉक्साइडचा असतो. यामुळें एक घनमीटर नैसर्गिक वायूची उष्णता सुमारें एक लिटर डिझेलइतकी, तर एक घनमीटर शेणगॅसची अर्ध्या लिटरहून थोडी अधिक भरते. ही विद्या नवी नव्हे. १८९७ सालीं माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत मैल्यापासून निघणाऱ्या गॅसवर दिवे लावण्याची सोय झाली होती. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेट्रोलची टंचाई पडली तेव्हां कोळशाच्या गॅसवर मोटारी धांवत होत्या.

आतां इंजिनाकडे वळूं. पेट्रोलच्या इंजिनांत इंधन ठिणगीनें पेटतें. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें जें इंजिन सिद्ध केलें त्यांत ठिणगी नाहीं. सिलिंडरांत ओढलेली हवा पिस्टन दाबून सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी करतो. त्या दाबानें ती ५०० अंशांहून अधिक तापते, आणि तिच्यांत डिझेलचा फवारा उडतांच तो आपोआप पेट घेतो. डिझेलला पेटण्यास दोनशेंहून थोडे अधिक अंश पुरतात; मिथेनला मात्र सुमारें ५४० अंश लागतात. म्हणून नुसती हवा व गॅस यांचें मिश्रण दाबून तें भरवंशानें पेटत नाहीं. चुलींतील ओंडका जसा काडीनें एकदम पेटत नाहीं, आधीं चिपाडें पेटवावीं लागतात, तसाच हा प्रकार आहे. येथें चिपाडांचें काम डिझेलचा लहानसा फवारा करतो, व त्याच्या ज्वालेनें सभोंवारचा गॅस पेटतो. यावरून उघड होईल कीं, या पद्धतींत डिझेल अजिबात बंद होत नाहीं. पूर्ण भार असतां शेंकडा पंधरा ते वीस इतकें डिझेल लागतेंच. बाकीचें काम गॅस करतो.

इंजिन सर्वस्वीं गॅसवर चालवावयाचें तर नोझल काढून तेथें ठिणगीचा प्लग बसवावा लागतो, दाबाचें प्रमाण उतरवावें लागतें, आणि मग गॅस संपला कीं तें इंजिन डिझेलवर चालत नाहीं. उलट दुहेरी इंधनाच्या पद्धतींत इंजिनाच्या पोटांत हात घालावा लागत नाहीं. हवा गाळणाऱ्या डब्याच्या पुढें, हवा आंत जाणाऱ्या नळींत, गॅस मिसळण्याचा एक तुकडा बसविला म्हणजे मुख्य काम झालें. गॅसच्या नळीवर हातानें फिरविण्याचा कॉक, पाणी साठण्याचा सांपळा आणि ज्वाला मागें जाऊं न देणारी जाळी या तीन गोष्टी अवश्य हव्यात. गॅस संपला तर इंजिन आपोआप डिझेलवर येतें, हा यांतील मोठा सोईचा भाग होय.

चालविण्याचा क्रम असा. इंजिन प्रथम नुसत्या डिझेलवर सुरू करून चांगलें तापूं द्यावें व पंपाचा भार त्यावर येऊं द्यावा. मग गॅसचा कॉक हळूहळू उघडावा. गॅसमुळें वेग वाढूं लागतांच गव्हर्नर डिझेल आपोआप कमी करतो. इंजिन अडखळूं लागलें किंवा आंतून ठोके ऐकूं आले तर गॅस अधिक झाला असें समजून कॉक थोडा मिटवावा. बंद करतांना आधीं गॅस, मग डिझेल, हा क्रम कधींहि मोडूं नये.

याचें कारण असें कीं, गव्हर्नरची सत्ता फक्त डिझेलवर चालते, गॅसवर नाहीं. चालतां चालतां पट्टा निसटला किंवा पंपानें पाणी सोडलें, तर भार एकदम उतरतो. गव्हर्नर डिझेल तोडतो, पण गॅस येतच राहतो. आणि इंजिन बेफाम धांवून फुटण्याचा संभव असतो. म्हणून वेग वाढतांच गॅस तोडणारी झडप बसविल्याशिवाय, अथवा निदान कॉकपाशीं जाणता मनुष्य उभा केल्याशिवाय हें काम करूं नये. यांत धोका केवळ यंत्राला नसून जवळ उभ्या असलेल्या माणसालाहि आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. शेणगॅसांत गंधकयुक्त वायूचा अंश असतो. तो तांब्यापितळेच्या भागांस व बेअरिंगांस खातो. यास्तव गॅस लोखंडाच्या गंजक्या किसांतून गाळून घ्यावा व इंजिनाचें तेल वेळच्या वेळीं बदलावें. दुसरें असें कीं, इंजिन अगदीं हलक्या भारावर चालत असतां गॅस नीट जळत नाहीं, धुराड्यावाटे फुकट जातो. तेथें या पद्धतीचा लाभ नाहीं. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस तर इंजिनास मुळींच लावूं नये. तो निराळ्या जातीचा असून दाबाखालीं लवकर पेटतो व ठोके देतो. शिवाय घरगुती सिलिंडरचा असा उपयोग कायद्यानेंहि निषिद्ध आहे. नैसर्गिक वायु बाटल्यांत भरतांना वातावरणाच्या सुमारें दोनशें पट दाब द्यावा लागतो, म्हणून त्याची जोडणी परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावी.

आतां हिशेबाकडे येऊं. पांच अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण भारावर ताशीं साधारण सव्वा लिटर डिझेल घेतें, म्हणजे चार तासांच्या पाळीस पांच लिटर. गॅस जोडल्यास त्यांपैकीं सुमारें चार लिटर वांचतें. परंतु एका अश्वशक्तीस ताशीं जवळजवळ ०.४५ घनमीटर शेणगॅस लागतो. यावरून चार तासांस ९ घनमीटर झाला. एक घनमीटर गॅसला २५ किलो ताजें शेण धरलें, तर रोज सव्वादोनशें किलो शेण, अर्थात् वीसएक मोठीं जनावरें हवींत. थंडींत गॅस कमी निघतो तें वेगळेंच. पांचसहा माणसांच्या स्वयंपाकासहि रोज सुमारें दोन घनमीटर गॅस लागतो. तो तोडून इंजिनास देणें म्हणजे घरांतील बायकांच्या डोळ्यांत पुन्हां धूर घालणें होय. आधीं चूल, मग इंजिन, हाच क्रम योग्य.

तात्पर्य, दोन बैल व एक म्हैस एवढेंच ज्याचें गोधन आहे त्यानें या फंदांत पडूं नये. ज्यांच्या गोठ्यांत वीसपंचवीस जनावरें आहेत, किंवा जे चारपांच शेजारी मिळून एक मोठी टाकी बांधूं शकतात, त्यांनीं मात्र आपल्या गांवचा डिझेलचा भाव, पाण्याच्या पाळ्या आणि टाकीचा खर्च कागदावर मांडून पाहावा. गॅस काढून घेतल्यावर टाकींतील राडा खत म्हणून शेतास मिळतोच, हा फायदाहि त्यांत धरावा. ज्या वाचकांनीं असा प्रयोग केला असेल त्यांनीं आपला वर्षाचा ताळेबंद, नफा झाला असो वा तोटा, या मासिकाकडे लिहून पाठवावा. एकाचा अनुभव दहांच्या उपयोगीं पडेल.