निवडून कोण येईल? अमेरिकेतल्या मतदारांना पडणारा अवघड प्रश्न

तिकीटवाटप जवळ आलं की महाराष्ट्रात 'इलेक्टिव्ह मेरिट' हा शब्द हमखास ऐकू येतो. सगळ्यात चांगला कोण, यापेक्षा निवडून कोण येईल, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे हे गणित पक्षाचे नेते मांडतात. अमेरिकेत ते सामान्य मतदारांना मांडावं लागतं.

तिथे पक्षाचा उमेदवार 'प्रायमरी' या पक्षांतर्गत निवडणुकीतून ठरतो. त्यामुळे मतदारासमोर पेच असतो : मनातल्या उमेदवाराला मत द्यायचं, की समोरच्या पक्षाला हरवू शकेल अशा उमेदवाराला?

अंदाज कधी चुकले?

2004 मध्ये इराक युद्धाला कडाडून विरोध करणारे हॉवर्ड डीन डेमोक्रॅटिक पक्षात आघाडीवर होते. पण युद्धाच्या काळात बुश यांना हरवायला माजी सैनिकच हवा, असा विचार करून अनेकांनी व्हिएतनाम युद्धात लढलेल्या जॉन केरींना मत दिलं. केरी हरले.

उलट 1980 मध्ये रोनाल्ड रेगन फारच उजवे आहेत, असं म्हटलं जायचं. त्यांनी 50 पैकी 44 राज्यं जिंकली. 2016 मध्ये ट्रम्प जिंकतील, यावर त्यांच्याच पक्षातल्या अनेकांचा विश्वास नव्हता.

का चुकतात?

एक, प्रायमरीत मत देणारे लोक संख्येने कमी आणि पक्षाशी जास्त बांधलेले असतात. मुख्य निवडणुकीतला मतदार वेगळा असतो.

दोन, देशभरातली मतं मोजून राष्ट्राध्यक्ष ठरत नाही. 538 इलेक्टोरल मतांपैकी 270 लागतात. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली, तरी त्या हरल्या.

तीन, 'निवडून येणारा' म्हणजे आधीच्या विजेत्यांसारखा दिसणारा, असा समज असतो. बराक ओबामा जिंकेपर्यंत कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष झालेलाच नव्हता.

मग बघायचं काय?

उमेदवार अटीतटीच्या राज्यांत कसा चालतो आणि कोणत्याही पक्षाशी न बांधलेले मतदार त्याच्याकडे वळतात का, हे पाहणं उपयोगी ठरतं. टोकाची भूमिका घेणाऱ्यांना फटका बसू शकतो. 1972 मध्ये डाव्या विचारांचे जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. एवढंच जिंकता आलं होतं. पण रेगन यांचं उदाहरण सांगतं, की हा नियम नाही.

2020 मध्ये जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. तरीही 'ट्रम्पना हेच हरवतील' या विश्वासावर ते उमेदवार झाले आणि जिंकले. अंदाज बरोबर आला, पण थोडक्यात. ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी मिळून जेमतेम 43 हजार मतांची होती. ही राज्यं गेली असती, तर निकाल 269-269 असा बरोबरीत सुटला असता.

म्हणजे अंदाज चुकला, तर मतदार दोन्हीकडून हरतो. निवडणूकही जाते आणि मनातला उमेदवारही.