लष्करात अधिकारी व्हायचे आहे?

परवाची गोष्ट. तास संपवून मी वर्गाबाहेर पडलो, तो लाखांदूरकडचा एक विद्यार्थी दारातच उभा. म्हणाला, "सर, माले फौजेत अफसर व्हायचं आहे. किती टक्के लागतात?"

प्रश्न साधा होता, पण गोम त्यातच होती. आपल्या भंडारा जिल्ह्यात पहाटे कोणत्याही रस्त्यावर जा, भरतीसाठी धावणारी पोरे दिसतील. शिपाई कसे व्हावे हे त्यांना तोंडपाठ असते. अधिकारी कसे व्हावे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. ते आपले काम नव्हे, असाच पुष्कळांचा समज. वस्तुतः २३ डिसेंबर २०१७ रोजी राजौरी जिल्ह्यात नियंत्रण रेषेवर ज्यांना वीरमरण आले, ते मेजर प्रफुल्ल मोहरकर आपल्याच पवनी तालुक्याचे. तेव्हा ही वाट आपल्या गावावरूनही जाते, एवढे आधी मनात पक्के करा.

आता ही वाट कशी आहे ते पाहू. बारावीत असाल किंवा बारावी झाली असेल, तर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. ही परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमतेला ६००. भूसेनेसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुसेनेसाठी पदार्थविज्ञान, रसायन व गणित लागते. मुलींनो, हे दार आता तुम्हालाही उघडे आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला, २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या सतरा जणी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

पदवीधरांसाठी आयोगाचीच संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. तीही वर्षातून दोनदा. इंग्रजी, सामान्य ज्ञान व गणित असे प्रत्येकी शंभर गुणांचे तीन पेपर. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी मात्र गणित लागत नाही. वायुसेनेची स्वतःची प्रवेशपरीक्षा वेगळी. आणि ज्यांनी एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवले आहे, त्यांना भूसेनेत लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येते. कवायतीला दांडी मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!

अर्ज भरताना घाई नको. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच, अक्षरन् अक्षर लिहा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका; त्याच दिवशी गावातली वीज जाते, हा माझा अनुभव आहे. लेखी परीक्षेत चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात, म्हणून ठोकताळ्याने गोळे काळे करण्यात शहाणपण नाही. बाकी लेखीची तयारी म्हणजे आपला नेहमीचा अभ्यासच. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, म्हणजे झाले.

खरी कसोटी पुढेच असते. ती म्हणजे सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची परीक्षा. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातली. घराणे आणि शाळा पाहून अधिकारी निवडणे पुरेनासे झाले, तेव्हा १९४२ साली ब्रिटनने ही नवी रीत काढली आणि १९४३ मध्ये ती डेहराडूनला आली. आज भोपाळ, प्रयागराज, बंगळूर अशा ठिकाणी ही मंडळे आहेत. राहण्याजेवणाची सोय तेच करतात.

पहिल्या दिवशी बुद्धिमापन होते आणि एक चित्र पाहून गोष्ट लिहायची व त्यावर गटात चर्चा करायची असते. येथेच पुष्कळजण परत फिरतात. राहिलेल्यांची मग मानसशास्त्रीय चाचणी. बारा चित्रे, त्यांतले शेवटचे कोरे. प्रत्येक चित्र तीस सेकंद पाहायचे आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद. मनात येईल ते वाक्य लिहायचे. अर्ध्या तासात साठ प्रसंग. तुम्ही काय कराल ते सांगायचे. त्यानंतर मैदानावरची कामे: फळ्या, दोर आणि बल्ल्या घेऊन सगळ्या गटाने अडथळा पार करायचा. शिवाय एक मुलाखत. वैमानिक व्हायचे असेल, तर संगणकावरची आणखी एक चाचणी असते, आणि ती जन्मात एकदाच देता येते.

मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावरचा अधिकारी, असे तिघे तुम्हाला वेगवेगळे पाहतात. शेवटच्या दिवशी ते एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा माणूस एकच आहे काय, एवढेच त्यांना ताडून पाहायचे असते. म्हणूनच पाठ केलेली उत्तरे येथे उघडी पडतात. लिहिताना शूर, बोलताना नम्र आणि फळी उचलायची वेळ आली की मागे, असा माणूस तिघांच्या नजरेतून कसा सुटावा?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः भोपाळला गेलो होतो. वडिलांनी धान विकून एका मोठ्या शहरातल्या वर्गाची फी भरली होती. त्या वर्गात आम्हाला गोष्टी पाठ करायला दिल्या. छंद कोणते लिहावेत तेही सांगितले. गावाकडचे फार बोलू नका, छाप पडत नाही, असा सल्ला मिळाला. मी छंद लिहिला 'गिर्यारोहण'. आता भंडाऱ्याच्या पोराने कोणता पर्वत चढला असणार? मुलाखतीत अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "वडील शेती करतात ना? एकरी धान किती होते?" दरवर्षी रोवणीला मी गुडघाभर चिखलात उभा राहत असे. बांधीत पाणी कोणी तोडायचे, मजूर कमी पडले तर कोणाला बोलवायचे, हे सारे मीच पाहायचो. आणि मी उत्तर दिले, "साहेब, शेतीकडे माझे लक्ष नसते."

पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे क्रमांक पुकारले. माझा त्यांत नव्हता. मंडळ कारण सांगत नाही. पण परतीच्या गाडीत, नागपूर येईपर्यंत, माझे मला कळले होते. एकरी धान किती झाले ते मला ठाऊक होते. ते सांगायची लाज वाटली. ज्या एका ठिकाणी मी खरोखर पुढारीपण केले होते, तेच मी पुसून टाकले.

म्हणून माझे सांगणे एवढेच. तयारी करायची ती माणूस म्हणून करा, आणि आजपासून करा. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचा पूर भंडाऱ्यात शिरला तेव्हा तुम्ही काय केलेत? गावच्या मंडईची, कबड्डीच्या चमूची, घरातल्या लग्नाची कोणती जबाबदारी अंगावर घेतलीत? हे प्रामाणिकपणे वहीत लिहून काढा. काहीच नसेल, तर एखादे काम आता अंगावर घ्या. रोज वर्तमानपत्र वाचा आणि त्यावर मित्रांशी पंधरा मिनिटे इंग्रजीत बोला. इंग्रजी डौलदार नसले तरी चालेल. समोरच्याला कळावे, म्हणजे पुरे.

पैशाची चिंता असेल, तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात पदवीधरांना लेखी परीक्षेसाठी आणि निवड मंडळासाठी विनामूल्य शिकवतात, राहणे-जेवणही तेथेच. दहावीनंतरच ठरवले असेल, तर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला निघाली.

आणि निवड झाली नाही तर? पुन्हा जाता येते. पहिल्या खेपेस परत आलेले कितीतरी जण पुढे अधिकारी झाले आहेत. माझे वय निघून गेले, पण त्या पाच दिवसांनी जे दाखवले ते वर्गात उभा राहताना अजून उपयोगी पडते.

लाखांदूरच्या त्या मुलाला मी टक्के सांगितलेच. मग विचारले, "यंदा एकरी धान किती झालं?" त्याने पटकन आकडा सांगितला, वर पुढच्या वर्षी काय बदलायचे तेही. म्हटले, "हे असंच बोलायचं, बाबा. भोपाळलाही."