सामायिक संधानगृह : एक विचार

द्राक्षासव व द्राक्षारिष्ट ही आपल्या नित्य वापरातील औषधे. तथापि द्राक्षांचे आगर म्हणविणाऱ्या नाशिक जिल्ह्यातही आपल्यापैकी अनेक जण ती बाहेरून आलेल्या बाटलीतूनच रुग्णास देतात. चूर्ण, क्वाथ, तैल सिद्ध करणारा वैद्यही संधान कल्पनेपाशी थबकतो. याचे कारण ज्ञानाचा अभाव खचितच नव्हे. चरकाचार्यांनी नऊ आसवयोनी सांगून ८४ आसवांची गणना केली. प्रमाण अनुक्त असता एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप, हा शार्ङ्गधराचा नियम सर्वांस मुखोद्गत आहे.

अडचण आहे ती तापमानाची. संधान साधारणतः २५ ते ३५ अंश सेल्सियसमध्ये सुखाने चालते. निफाडच्या थंडीत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. तेथे घरातील बरणीतील क्रिया मंदावते व शुक्तत्व येण्याचा धोका वाढतो. पात्र धान्यराशीत पुरण्याचा प्राचीन संकेत याचसाठी होता. आज धान्याची रास कोणाकडे आहे?

दुसरी अडचण कायद्याची. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील अनुसूची ‘टी’ इ. स. २००० मध्ये आली. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास तिच्यातून सूट आहे. बाजारात विक्री करावयाची तर स्वतंत्र विभाग, टाक्या, गाळणयंत्र हे सर्व आलेच. एकट्याला हे पेलणारे नाही. मात्र दुसऱ्या परवानाधारकाच्या कारखान्यात आपले उत्पादन करून घेण्यासाठी ‘लोन लायसन्स’ची तरतूद नियमांत आहे. सामायिक संधानगृहाचा राजमार्ग हाच, असे आम्हांस वाटते.

येथे जिल्ह्यातील वाईन उद्योगाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. २००१ च्या राज्य धोरणानंतर विंचूरला वाईन पार्क झाले. जागा व सवलती एकत्र मिळाल्या, पण टाक्या बहुधा ज्याच्या त्याच्या. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते मार्च. नंतर टाक्यांना काम थोडे, कर्जाचे व्याज मात्र बारमाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली तेव्हा लहान उत्पादकांना त्याची झळ तीव्रतेने लागली. आपल्याकडे हंगामाचे बंधन तितके नाही. मनुका, दशमूळ, कुमारी, अर्जुनत्वक् आलटून पालटून घेतल्यास टाकी क्वचितच रिकामी राहील.

मग शिर्का, लोणची, मोहाचे पदार्थ करणाऱ्या लहान गृहउद्योगांनाही याच छताखाली घ्यावे काय? सूचना आकर्षक आहे. आमचे मत सावध आहे. शिर्क्याचे जंतू हवेतून व भांड्यांतून पसरतात आणि अर्धवट झालेल्या आसवास आम्लत्व आणतात. शिवाय अन्नपदार्थांस २००६ चा अन्नसुरक्षा कायदा लागू, औषधांस वेगळा. वजनकाटा, प्रयोगशाळा, बाटल्यांची खरेदी सामायिक असावी. संधानकक्ष, नळ्या व गाळणवस्त्रे कदापि नसावीत.

धातकीपुष्पांची खरेदी मात्र अवश्य एकत्रित व्हावी. फुलांतील टॅनिन व त्यांवरील वन्य यीस्ट दोन्ही कामाची. जुनी, बुरशी धरलेली फुले संपूर्ण घाण्याचा नाश करतात. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांत धायटी फुलते तेव्हाच ती सावलीत वाळवून घेता येईल.

उरतो प्रश्न उत्तरदायित्वाचा. घाणा बिघडला तर तोटा कोणाचा? प्रत्येक पात्रास स्वतंत्र क्रमांक असावा व त्याच्या वहीत रोजचे तापमान, पात्रातील ध्वनी, जळत्या काडीची परीक्षा यांची नोंद ज्याचे औषध त्याच वैद्याच्या स्वाक्षरीने व्हावी. काडी विझते तोवर वायू निघत आहे व संधान चालू आहे. ती जळत राहिली आणि फुले तळाशी बसली की गाळण्याची वेळ झाली. ही परीक्षा व्यवस्थापकावर सोपवून वैद्याने घरी बसू नये.