पंप बदलण्याआधी एवढं तपासा

कळमना मार्केटचा माल भरलेली डिझेल पिकअप चढावर ओढत नसेल, तर लगेच 'पंप गेला' म्हणणं घाईचं आहे. कॉमन रेल इंजिनात आयडलला दाब साधारण 250 ते 350 बार असतो. पूर्ण लोडवर अनेक इंजिनांत तो 1,600 बारपर्यंत जातो. पण पंपापर्यंत डिझेलच पुरेसं पोचलं नाही, तर तो दाब बनवणार कसा? आधी फिल्टर, त्यात साचलेलं पाणी आणि पाइपात शिरणारी हवा बघा.

स्कॅनर 'रेल प्रेशर कमी' दाखवतो, हे खरं. पण कारण सांगत नाही. इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडा. एकच बाटली झपाट्याने भरली, तर दाब तिथे गळतोय. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइप मात्र कधीच सैल करू नका. शंका असेल तर मॉडेल लिहून जरूर विचारा.